वानचान्सी : उणं पडलेलं दान

स्कॉटिश कवी रॉबर्ट बर्न्सच्या कवितेत मेली नावाची एक मेंढी दोरात खूर अडकून चरात पडते आणि मरते. तिच्यावरच्या शोकगीतात बर्न्सनं ज्यानं पहिला दोर वळला त्याचा उद्धार केला, आणि दोराला विशेषण लावलं ‘वानचान्सी’. १७८६ च्या किल्मार्नॉक आवृत्तीतली, म्हणजे त्याच्या पहिल्या संग्रहातली, ही कविता. मेंढीला नडलेला दोर आणि माणसाला फासावर चढवणारा दोर, दोन्ही त्या एका शब्दात आले.

वानचान्सी म्हणजे अवलक्षणी, अपशकुनी, ज्याच्या वाटेला न गेलेलं बरं असं. शब्द स्कॉट्स भाषेतला. ही गेलिक, म्हणजे स्कॉटलंडची केल्टिक भाषा, नव्हे. इंग्रजीची सख्खी बहीण. गोम इथेच आहे, कारण इंग्रजी येणारा माणूस हा शब्द ओळखीचा समजून हमखास फसतो.

शब्द मधोमध तोडा : वान + चान्सी. इंग्रजीत ‘चान्सी’ म्हणजे जोखमीचं. स्कॉट्समध्ये मात्र चान्सी म्हणजे नशीबवान, शुभ, निर्धोक. इंग्रजी अर्थ धरून पुढे नकार जोडलात, तर ‘वानचान्सी’चा अर्थ ‘बिनधोक’ निघेल, म्हणजे नेमका उलटा. दुसरी चूक ‘वान’ची. ग्लासगोकडे ‘एक’ या आकड्यालाही वान म्हणतात, आणि इंग्रजीत त्याच स्पेलिंगचा फिकुटलेला असा अर्थ आहे. इथे दोन्ही लागू नाहीत.

‘चान्स’ फ्रेंचमार्गे लॅटिनच्या ‘कादेरे’पासून आला. कादेरे म्हणजे पडणे. फासे कसे पडले, त्यावरून नशीब. आपणही दान ‘पडलं’ असंच म्हणतो.

‘वान’ हा जुन्या इंग्रजीतला उपसर्ग : कमी, उणा, नसलेला. पुढे इंग्रजीत ‘अन्’ हाच उपसर्ग शिरजोर झाला आणि ‘वान’ मागे पडला. ‘वाँटन’ (स्वैर) या इंग्रजी शब्दात तो अजून लपून आहे. मूळ अर्थ, वळण न लावलेला. स्कॉट्सनं मात्र तो हाताशी ठेवला : वानरेस्ट म्हणजे अस्वस्थता, वानहोप म्हणजे निराशा, वानवीर्ड म्हणजे दुर्दैव. (‘वीर्ड’ म्हणजे इथे विचित्र नव्हे, विधिलिखित.)

आता मराठी वाचकाच्या कामाचं. हा ‘वान’ आणि संस्कृतातला ‘ऊन’ एकाच इंडो-युरोपीय धातूचे. ‘वच्’पासून ‘उक्त’ होताना व जाऊन उ येतो, तशातलीच ही वान-ऊनची जोडी. तोच ऊन आपल्या उणे, उणीव यांत आहे, आणि एकोणीसमध्येही : एकोनविंशति, एकानं उणे वीस. इंग्रजी ‘वाँट’ याच कुळातला. त्याचा मूळ अर्थ ‘हवं असणं’ नव्हता, ‘कमी असणं’ होता. वानचान्सीचं अक्षरशः भाषांतर करायचं तर ‘दान-उणा’ म्हणावं लागेल.

नुसत्या अपघाताला, ओढवलेल्या फजितीला स्कॉट्समध्ये वेगळा शब्द आहे : मिशॅन्टर. तो फ्रेंच ‘मेझाव्हांत्यूर’ झिजून झाला, म्हणजे त्याच्या पोटात ‘अॅडव्हेंचर’ आहे. मिशॅन्टर घडतो. वानचान्सी हा वस्तूचा किंवा माणसाचा गुण असतो, आपल्याकडच्या पांढऱ्या पायासारखा. ईशान्य स्कॉटलंडच्या मच्छीमारांत हा धाक नावांपर्यंत पोचला होता. होडीवर सामन माशाचं नाव घ्यायचं नाही, ‘तांबडा मासा’ म्हणायचं. डुकराचं किंवा पाद्र्याचं नाव निघालंच, तर ‘कॉल्ड आयर्न’, थंड लोखंड, असं म्हणत जवळचा खिळा किंवा कडी गाठायची.