कलकत्ता चषक : एका गुणाच्या निकालामागची दीडशे वर्षे

२२ फेब्रुवारी २०२५ रोजी लंडनमधील ट्विकनहॅमच्या मैदानावर रग्बीच्या सामन्यात इंग्लंडने स्कॉटलंडला १६-१५ असे हरवले. युरोपातल्या सहा देशांच्या सिक्स नेशन्स स्पर्धेतल्या या सामन्यात स्कॉटलंडने तीन ट्राय केले होते आणि इंग्लंडने एकच. सामना संपता संपता डुहान व्हॅन डर मर्वने स्कॉटलंडचा तिसरा ट्राय मैदानाच्या कडेला टेकवला, तेव्हा दोन्ही संघांत एकाच गुणाचे अंतर उरले. त्यानंतरची कन्व्हर्जनची किक फिन रसेलने गोलखांबांच्या बाहेर मारली आणि या दोन देशांतल्या सामन्याच्या विजेत्याला मिळणारा कलकत्ता चषक चार वर्षांनी इंग्लंडकडे परत गेला. आधीच्या दोन ट्रायनंतरच्या किकही हुकल्या होत्या. सामन्यानंतर स्कॉटलंडच्या चाहत्यांत राग आणि हळहळ यांचे जे मिश्रण दिसले, त्याच्या तळाशी एकच प्रश्न होता : ज्या संघाने प्रतिपक्षाची बचावफळी तीनदा भेदली तो हरतो आणि ज्याने एकदाच भेदली तो जिंकतो, हे न्याय्य कसे? इंग्लंडच्या चाहत्यांना सुटकेचा निःश्वास टाकता आला, पण आपला संघ चेंडू हातात घेऊन खेळण्यापेक्षा तो लाथाडण्यातच धन्यता मानतो, ही तक्रार त्यांच्यातही ऐकू आली.

रग्बीशी फारसा परिचय नसलेल्या वाचकांसाठी थोडे गुणांविषयी सांगायला हवे. प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकवला की ट्राय होतो आणि त्याचे आज पाच गुण मिळतात. ट्रायनंतर गोलखांबांच्या मधून, आडव्या दांडीवरून चेंडू मारण्याची संधी मिळते, ती साधली तर आणखी दोन गुण. ही कन्व्हर्जनची किक मात्र जिथे ट्राय झाला त्याच्या सरळ रेषेत मागे जाऊन घ्यावी लागते, त्यामुळे कोपऱ्यात झालेल्या ट्रायनंतर कोन फार अवघड होतो. प्रतिपक्षाच्या नियमभंगाबद्दल मिळालेल्या पेनल्टीवर गोल साधल्यास तीन गुण मिळतात. इंग्लंडचे सोळा गुण एक ट्राय, त्याचे कन्व्हर्जन आणि तीन पेनल्टी यांतून आले होते, तर स्कॉटलंडचे पंधरा निव्वळ तीन ट्रायांतून. धावून मिळवलेल्या यशाला अधिक मोल द्यायचे की अचूक मारलेल्या किकला, हा वाद मात्र गुणपद्धतीच्याही आधीचा आहे आणि त्याची सुरुवात याच दोन देशांच्या पहिल्या सामन्यात झाली.

१८७० मध्ये लंडनमध्ये इंग्लंड आणि स्कॉटलंड यांच्या नावाने काही फुटबॉल सामने भरवले गेले. त्यांत स्कॉटलंडकडून खेळणारे खेळाडू बहुतेक लंडनमध्येच राहणारे होते, आणि सामने असोसिएशनच्या, म्हणजे आज आपण ज्याला फुटबॉल म्हणतो त्या खेळाच्या नियमांनुसार झाले. स्कॉटलंडमधील क्लबांना हे रुचले नाही. त्यांच्याकडे रग्बी शाळेच्या नियमांनी खेळण्याची प्रथा होती आणि आपल्या देशाचा खरा संघ अद्याप मैदानात उतरलेलाच नाही, अशी त्यांची भावना होती. डिसेंबर १८७० मध्ये पाच स्कॉटिश क्लबांच्या कर्णधारांनी वर्तमानपत्रांतून इंग्लंडला जाहीर आव्हान दिले. इंग्लंडमध्ये हे आव्हान स्वीकारायला अधिकृत संस्थाही नव्हती. रग्बी फुटबॉल युनियनची स्थापना २६ जानेवारी १८७१ रोजी झाली आणि दोनच महिन्यांनी, २७ मार्च १८७१ रोजी, एडिंबरामधील रेबर्न प्लेस येथे पहिला आंतरराष्ट्रीय रग्बी सामना खेळला गेला. प्रत्येक संघात वीस खेळाडू होते, पन्नास-पन्नास मिनिटांची दोन सत्रे होती आणि सुमारे चार हजार प्रेक्षक जमले होते.

त्या काळी ट्रायला स्वतःचे काहीच मोल नव्हते. ट्राय करणाऱ्या संघाला गोलवर किक मारण्याची मुभा मिळत असे, आणि निकाल गोलांवरच ठरत असे. स्कॉटलंडने दोन ट्राय केले आणि त्यांतील एकाचे गोलमध्ये रूपांतर केले. इंग्लंडचा एक ट्राय झाला, पण किक हुकली. स्कॉटलंड जिंकला. ज्या ट्रायमधून हा निर्णायक गोल आला, त्यावर मात्र इंग्लंडच्या खेळाडूंनी जोरदार हरकत घेतली होती. पंच होते लोरेटो शाळेचे मुख्याध्यापक हेली हचिन्सन आल्मंड. तो निर्णय वस्तुतः बरोबर होता की नाही हे आपल्याला कधीच कळले नाही, असे त्यांनी पुढे प्रांजळपणे लिहून ठेवले, आणि पंचाला शंका असेल तेव्हा जो पक्ष जास्त आरडाओरडा करतो त्याच्या विरुद्ध निर्णय द्यावा, कारण बहुधा तोच चुकीचा असतो, असा आपला नियमही नोंदवला. ट्विकनहॅमच्या २०२५ च्या निकालाला १८७१ ची मोजपट्टी लावली, तर स्कॉटलंडच्या तीन ट्रायांना काहीच किंमत उरत नाही आणि इंग्लंडच्या एका कन्व्हर्जनवर सामना सुटतो. म्हणजे आज ज्या न्यायाविरुद्ध स्कॉटिश चाहते तक्रार करतात, त्याच न्यायाने त्यांच्या पूर्वजांनी पहिला विजय साजरा केला होता. याने आजची तक्रार खोटी ठरत नाही. ट्रायचे मोल नंतरच्या काळात सतत वाढवत नेले गेले, याचाच अर्थ खेळाच्या नियमकर्त्यांनाही ती पटत आली आहे. १८९० च्या दशकात ट्रायला तीन गुण झाले, १९७१ मध्ये चार आणि १९९२ मध्ये पाच.

ज्या चषकासाठी हे दोन देश दरवर्षी लढतात, त्याची कथा मात्र आपल्या मातीत सुरू होते. १८७२ च्या नाताळच्या दिवशी कलकत्त्यात तिथल्या ब्रिटिश रहिवाशांनी वीस-वीस जणांचे दोन संघ करून रग्बीचा सामना खेळला. एका बाजूला इंग्लंडचे लोक आणि दुसऱ्या बाजूला स्कॉटलंड, आयर्लंड व वेल्सचे. उत्साह एवढा होता की जानेवारी १८७३ मध्ये कलकत्ता फुटबॉल क्लब स्थापन झाला. बंगालच्या हवेत हा खेळ रुजणे सोपे नव्हते. खेळाडू पुरवणारी लष्करी पलटण शहरातून हलवली गेली, पोलो आणि टेनिस यांनी लोकांना ओढून नेले, आणि क्लबातील मोफत मद्याची सोय बंद झाल्यावर सदस्य गळाले असेही सांगितले जाते. १८७८ मध्ये क्लब बंद करायचे ठरले तेव्हा बँकेत काही रक्कम शिल्लक होती. कर्णधार, सचिव आणि खजिनदार ही तिन्ही पदे सांभाळणारे जी. ए. जेम्स रॉथनी यांनी सुचवले की ही शिल्लक चांदीच्या रुपयांत काढून घ्यावी, ते रुपये वितळवावेत आणि भारतीय कारागिरांकडून एक चषक घडवून तो लंडनच्या रग्बी फुटबॉल युनियनला द्यावा. तसा तो घडला : सुमारे अठरा इंच उंच, तीन नागांच्या मुठी आणि झाकणावर हत्ती. क्लबांच्या स्पर्धेसाठी तो ठेवावा अशी देणाऱ्यांची कल्पना होती, पण युनियनने तो इंग्लंड-स्कॉटलंड सामन्याला दिला. १० मार्च १८७९ रोजी रेबर्न प्लेसवर त्यासाठीचा पहिला सामना झाला आणि तो बरोबरीत सुटला. ज्यांच्या हातून हा चषक घडला त्या कारागिरांची नावे या कथेच्या नेहमीच्या मांडणीत कुठे येत नाहीत, याची खंत वाटते. त्यांच्या कामाचे छायाचित्र आज दरवर्षी जगभर छापले जाते.

पुढच्या पाचच वर्षांत या सामन्याने संपूर्ण खेळाची व्यवस्था हलवून टाकली. १८८४ मध्ये ब्लॅकहीथ येथे इंग्लंडच्या रिचर्ड किंडर्स्लीने ट्राय केला. त्याच्या आधी एका स्कॉटिश खेळाडूनेच चेंडू हाताने मागे ढकलला होता आणि स्कॉटलंडच्या मते हा नियमभंग असल्यामुळे खेळ तिथेच थांबायला हवा होता. चूक तुमचीच असताना तिचा फायदा तुम्हालाच कसा मिळेल, असा इंग्लंडचा सवाल होता. ट्राय मान्य झाला, त्यातून आलेल्या गोलने इंग्लंड जिंकला, आणि वाद इतका चिघळला की १८८५ मध्ये दोघांत सामनाच झाला नाही. नियमांचा अर्थ एकट्या इंग्लंडने लावू नये यासाठी १८८६ मध्ये आंतरराष्ट्रीय मंडळ स्थापन झाले. त्यात सामील व्हायला इंग्लंडने १८९० पर्यंत वेळ घेतला. आज जागतिक रग्बीचे नियमन करणारी संस्था याच मंडळातून वाढली आहे. पंचाच्या निर्णयावर या दोन देशांचे चाहते इतक्या पोटतिडकीने का बोलतात, याचे एक कारण मला या प्रसंगात दिसते.

विसाव्या शतकात प्रत्येक पिढीला आपला एक सामना मिळाला. २१ मार्च १९२५ रोजी एडिंबरामधील मरेफील्ड मैदानाचे उद्घाटन याच सामन्याने झाले आणि १४-११ च्या विजयासह स्कॉटलंडने आपला पहिला ग्रँड स्लॅम, म्हणजे स्पर्धेतील सर्व सामने जिंकण्याचा मान, मिळवला. १९३८ मध्ये ट्विकनहॅमवर २१-१६ असा विजय मिळवून त्यांनी ट्रिपल क्राउन, म्हणजे इंग्लंड, स्कॉटलंड, आयर्लंड व वेल्स यांपैकी बाकीच्या तिघांना हरवण्याचा मान, जिंकला. तो सामना बीबीसीने दूरचित्रवाणीवरून दाखवला होता. त्यानंतर ट्विकनहॅमवर पुन्हा जिंकायला मात्र त्यांना तेहतीस वर्षे लागली. मार्च १९७१ मधल्या त्या सामन्यात शेवटच्या क्षणी ख्रिस रीने ट्राय केला तेव्हा स्कॉटलंड १४-१५ असा एका गुणाने मागे होता. कर्णधार पीटर ब्राउनने कन्व्हर्जनची किक साधली आणि सामना १६-१५ असा जिंकला. आकडे तेच, मैदान तेच, फक्त किक आत गेली. २०२५ ची किक बाहेर गेल्यावर जुन्या स्कॉटिश चाहत्यांना १९७१ आठवणे स्वाभाविक होते. एका आठवड्याने, पहिल्या सामन्याच्या शतकपूर्तीनिमित्त मरेफील्डवर झालेला खास सामनाही स्कॉटलंडने २६-६ असा जिंकला.

या स्पर्धेतील दोन्ही बाजूंच्या भावना सारख्या वजनाच्या नाहीत. इंग्लंडची लोकसंख्या स्कॉटलंडच्या सुमारे दहापट आहे. स्कॉटलंडमध्ये रग्बी मुख्यतः एडिंबराच्या खासगी शाळांत आणि इंग्लंडच्या सीमेलगतच्या हॉइक, गॅलाशील्स, मेलरोझ, जेडबरा अशा छोट्या गावांत रुजली. आज त्या देशात एडिंबरा आणि ग्लासगो हे दोनच व्यावसायिक क्लब आहेत. इंग्लंडच्या चाहत्याला फ्रान्स, आयर्लंड, वेल्स यांच्याशीही जुने हिशेब चुकते करायचे असतात. स्कॉटलंडच्या अनेक चाहत्यांसाठी मात्र बाकीचा मोसम कसाही गेला तरी हा एक सामना जिंकला की वर्षाचे सार्थक होते. खेळाडूंमधील मैत्री या सगळ्याच्या पलीकडची होती आणि कधी कधी ती महागातही पडली : १९८८ मध्ये एडिंबरातील सामन्यानंतर रात्री इंग्लंडचा डीन रिचर्ड्स आणि स्कॉटलंडचा जॉन जेफ्री यांनी हा चषक रस्त्यावर चेंडूसारखा खेळवला आणि तो चेपला. जेफ्रीवर सहा महिन्यांची बंदी आली, रिचर्ड्सला एका सामन्याची. शंभर वर्षांपूर्वी रुपये वितळवून घडवलेल्या त्या वस्तूची अशी गत व्हावी, हे मनाला लागते.

चाहत्यांच्या भावनेचा सर्वोच्च क्षण १७ मार्च १९९० चा. दोन्ही संघ अपराजित होते. ग्रँड स्लॅम, ट्रिपल क्राउन, अजिंक्यपद आणि कलकत्ता चषक असे सारेच एका सामन्यावर आले होते. मार्गारेट थॅचर यांच्या ब्रिटिश सरकारने पोल टॅक्स, म्हणजे दरडोई आकारला जाणारा कर, स्कॉटलंडमध्ये इंग्लंडच्या एक वर्ष आधी लागू केला होता आणि आपल्यावर प्रयोग केला जात असल्याचा संताप तिथे धुमसत होता. कर्णधार डेव्हिड सोलने आपला संघ धावत न आणता सावकाश, पावले मोजत मैदानात आणला, आणि प्रेक्षकांनी स्कॉटलंडने इंग्लंडला हरवले त्या १३१४ च्या बॅनॉकबर्नच्या लढाईची आठवण जागवणारे गीत म्हटले, जे त्याच मोसमापासून मरेफील्डवर राष्ट्रगीत म्हणून गायले जाऊ लागले होते. हॉइकच्या टोनी स्टँगरने उत्तरार्धाच्या सुरुवातीला केलेला ट्राय निर्णायक ठरला आणि स्कॉटलंड १३-७ असा जिंकला. राजकारण आणि खेळ यांची सरमिसळ करू नये असे म्हणणाऱ्यांचा मुद्दा मला समजतो. पण त्या दिवशी मरेफील्डवरच्या लोकांनी ती करायची ठरवलीच होती, आणि त्याकडे दुर्लक्ष करून त्या सामन्याचे वर्णन होऊ शकत नाही.

त्यानंतर पारडे जवळजवळ तीन दशके इंग्लंडकडे झुकले. १९९१ ते २०१७ या काळात स्कॉटलंडला फक्त २०००, २००६ आणि २००८ मध्ये जिंकता आले. २००० चा विजय गारठवणाऱ्या पावसातला होता. सगळे सामने हरून आलेल्या संघाने १९-१३ असा निकाल लावत इंग्लंडचा ग्रँड स्लॅम हिरावला आणि ते एकोणीसही गुण डंकन हॉजने एकट्याने केले. या काळात मोठ्या झालेल्या इंग्रज चाहत्याला स्कॉटलंडची भीती वाटण्याचे कारण नव्हते. २०१८ पासून ती वाटू लागली. त्या वर्षी स्कॉटलंडने मरेफील्डवर २५-१३ असा विजय मिळवला. २०१९ मध्ये ट्विकनहॅमवर ०-३१ असे पिछाडीवर असताना त्यांनी सलग अडतीस गुण केले, आणि निर्धारित वेळ संपून गेल्यावर जॉर्ज फोर्डने केलेल्या ट्राय व कन्व्हर्जनमुळेच इंग्लंडला ३८-३८ अशी बरोबरी साधता आली. २०२० मध्ये वादळी वाऱ्यात इंग्लंड जिंकला. २०२१ मध्ये महासाथीमुळे रिकाम्या असलेल्या ट्विकनहॅमवर स्कॉटलंडने ११-६ असा विजय मिळवला, तो तिथला १९८३ नंतरचा पहिलाच. पुढची तीन वर्षेही चषक त्यांच्याकडेच राहिला. सलग चार विजय त्यांना १९७२ नंतर प्रथमच मिळाले आणि २०२४ च्या विजयात व्हॅन डर मर्वने एकट्याने तीन ट्राय केले. सात वर्षांत पाच विजय, एक बरोबरी आणि एकच पराभव, अशा नोंदीसह स्कॉटलंडचा संघ २०२५ मध्ये लंडनला आला होता, आणि त्याच्याविरुद्ध घरच्या मैदानावर एका गुणाने जिंकल्यावर आनंद मानणारे इंग्रज प्रेक्षक विसाव्या शतकाच्या अखेरीस क्वचितच दिसले असते.