साथीच्या काळात वाटेत विमान बदलताना: ट्रान्झिट प्रवासी कोण आणि कागद कोणते?

समजा, कोविडच्या काळात मेलबर्नला लेकीकडे गेलेले आईबाबा सिंगापूरमार्गे पुण्याच्या लोहगाव विमानतळावर परत येणार आहेत. ऑस्ट्रेलियातून येणाऱ्यांना चाचणी नाही, म्हणून ते निवांत. आणि सिंगापूर नेमकं चाचणी सक्तीच्या देशांच्या यादीत! जानेवारी 2023 मध्ये नियम असाच होता. चीन, हाँगकाँग, जपान, दक्षिण कोरिया, थायलंड आणि सिंगापूरहून येणाऱ्यांना केंद्र सरकारने आरटीपीसीआर ही कोविड चाचणी सक्तीची केली आणि लगेच तिथे नुसतं विमान बदलणाऱ्यांनाही त्यात घेतलं. 13 फेब्रुवारीला ही अट निघाली. साथीत प्रवास कुठून सुरू झाला एवढंच बघत नाहीत, वाटेत कुठे थांबलात हेही बघतात.

आता ट्रान्झिट प्रवासी कोण, ते बघू, कारण सगळ्यात जास्त गफलत इथेच होते. पूर्ण प्रवास एकाच पीएनआरवर (म्हणजे एकाच बुकिंग क्रमांकावर), सामानाला शेवटच्या मुक्कामाचा टॅग आणि मधल्या देशात इमिग्रेशन ओलांडायचं नाही, असं असेल तर तुम्ही ट्रान्झिटमध्ये. स्वस्त पडतात म्हणून दोन वेगळी तिकिटं काढली, तर बहुतेकदा सामान घ्यायला बाहेर यावं लागतं. मग त्या देशाचा व्हिसा, चाचणी, विलगीकरण, सगळं तुम्हाला लागू. साथ सुरू असताना ही बचत कृपा करून करू नका.

मुंबईला उतरून टॅक्सीने पुण्याला येणारेही स्वतःला ट्रान्झिट समजतात. तसं नसतं. देशात पहिल्यांदा जिथे उतरता, सहसा तिथेच इमिग्रेशन, कस्टम्स आणि आरोग्य तपासणी होते. त्यामागचं कारण पुणेकरांनी जवळून पाहिलंय. मार्च 2020 मध्ये राज्यातले पहिले रुग्ण ठरलेलं पुण्याचं दांपत्य दुबईहून मुंबईमार्गे आलं होतं आणि त्यांना घरी आणणारा टॅक्सीचालकही बाधित निघाला. डिसेंबर 2021 मध्ये ओमायक्रॉनच्या वेळी जोखमीच्या देशांतून आलेल्यांची चाचणी पहिल्याच विमानतळावर होई आणि निकाल हाती येईपर्यंत पुढचं विमान पकडता येत नसे. अशा काळात दोन विमानांमध्ये सहा ते आठ तास ठेवा, दीड तासाच्या कनेक्शनवर विसंबू नका.

कोविडमध्ये मुख्य कागद होते पासपोर्ट, पुढच्या टप्प्यासकट तिकीट, एअर सुविधा या सरकारी पोर्टलवरचं स्वयंघोषणापत्र (त्यात मागच्या 14 दिवसांतला प्रवास लिहावा लागे) आणि आरटीपीसीआर अहवाल. अहवाल 72 तासांच्या आतला लागे आणि हे तास नमुना दिल्यापासून मोजत, अहवाल मिळाल्यापासून नाही. लसीच्या प्रमाणपत्रावरचं नाव पासपोर्टशी जुळावं लागे. कोविन या सरकारी लसीकरण पोर्टलवर पासपोर्ट क्रमांक जोडायची आणि पूर्ण जन्मतारीख छापून घ्यायची सोय त्यासाठीच आली होती. ज्येष्ठांच्या हातात प्रत्येक कागदाची छापील प्रत द्याच, ऐनवेळी मोबाईलची बॅटरी संपते.

पीतज्वराचा (यलो फीवरचा) नियम मात्र आजही लागू आहे. या तापाचा धोका असलेल्या देशातून निघून सहा दिवसांच्या आत भारतात आलात, तर लसीचं प्रमाणपत्र लागतं आणि ते डोस घेतल्यावर 10 दिवसांनी वैध होतं. त्यामुळे निघायच्या आठवड्यात लस घेऊन उपयोग नाही. प्रमाणपत्र नसेल, तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. इथिओपियातल्या आदिस अबाबासारख्या ठिकाणी फक्त विमान बदललं आणि विमानतळाबाहेर पडला नाहीत, तर सूट मिळू शकते, पण आरोग्य अधिकाऱ्याने ते मान्य करायला हवं. म्हणून दोन्ही बोर्डिंग पास घरी पोचेपर्यंत फेकू नका.

कागद पहिल्यांदा तपासले जातात ते विमान कंपनीच्या चेक-इन काउंटरवर. तिथे काही कमी निघालं, तर विमानात घेतच नाहीत. नियम तिकीट काढताना बघा आणि निघायच्या आदल्या दिवशी पुन्हा बघा, मधल्या देशाचेसुद्धा.