कोलॅजेन

कोलॅजेन : प्राण्यांच्या संयोजी ऊतकातील (अवयवांना जोडणाऱ्या व आधार देणाऱ्या ऊतकातील) प्रमुख तंतुमय प्रथिन. सस्तन प्राण्यांच्या शरीरातील एकूण प्रथिनांपैकी सुमारे २५ ते ३० टक्के प्रथिन हेच असते. आतापर्यंत त्याचे २८ प्रकार ओळखले गेले आहेत. त्वचा, हाडे व कंडरा (स्नायू हाडाला जोडणारे पट्टे) यांत पहिला प्रकार मुख्य असून कूर्चेत (सांध्यांतील लवचिक ऊतकात) दुसरा आढळतो. चौथा प्रकार तंतू न बनवता मूत्रपिंडाच्या गाळणीसारख्या ठिकाणी आधारपटलाची (पेशींच्या थराखालील पातळ पडद्याची) जाळी विणतो.

संरचना : रेणू सुमारे ३०० नॅनोमीटर लांब व जेमतेम १.५ नॅनोमीटर जाड असतो. त्यात तीन पॉलिपेप्टाइड साखळ्या दोरखंडाच्या पेडांप्रमाणे एकमेकींभोवती वळलेल्या असतात. प्रत्येक साखळीत दर तिसऱ्या जागी ग्लायसीन हे सर्वांत लहान ॲमिनो अम्ल असते. पिळाच्या आतल्या बाजूला दुसरे काही मावेल एवढी जागाच नसते.

या तिहेरी मळसूत्राच्या शोधाचे श्रेय हा दीर्घकाळ वादाचा विषय राहिला. १९५१ मध्ये अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ पॉलिंग व कोरी यांनी सुचविलेली रचना क्ष-किरण विवर्तनाच्या पुराव्याशी जुळली नाही. मद्रास विद्यापीठात गो. ना. रामचंद्रन व गोपीनाथ कर्ता यांनी १९५४ मध्ये तीन समांतर मळसूत्रांची रचना मांडली आणि १९५५ मध्ये साखळ्यांना एकमेकींभोवती सौम्य पीळ देऊन ती सुधारली. त्याच वर्षी अलेक्झांडर रिच व फ्रान्सिस क्रिक या शास्त्रज्ञांनी आक्षेप घेतला. दर तीन ॲमिनो अम्लांमागे साखळ्यांना एकमेकींशी जोडणारे दोन हायड्रोजन बंध धरले, तर काही अणू एकमेकांच्या फार जवळ येतात, म्हणून बंध एकच असावा, असे त्यांचे म्हणणे होते. अणू किती जवळ येऊ शकतात, याची मद्रासमध्ये मग नव्याने छाननी झाली आणि त्यातूनच, प्रथिनाच्या साखळीत बंधांचे कोणते कोन शक्य आहेत हे दाखवणारा, १९६३ चा सुप्रसिद्ध ‘रामचंद्रन आलेख’ निघाला. प्रथिनांची कोणतीही नवी रचना आजही त्यावर पारखून घेतात. १९९४ मध्ये कोलॅजेनसदृश पेप्टाइडाच्या स्फटिकाची रचना १.९ अँगस्ट्रॉम (०.१९ नॅनोमीटर) इतक्या बारीक तपशिलाने मिळाली. तीत दर त्रिकामागे थेट बंध एकच दिसला. शिवाय पाण्याच्या रेणूंमार्फत जुळलेले बंधही आढळले. बंधांच्या संख्येबाबत रिच-क्रिक बरोबर ठरले. तथापि तीन साखळ्या, आत ग्लायसीन आणि एकत्रित पीळ हा मूळ आराखडा मद्रासचा आहे, आणि पाठ्यपुस्तकांनी तो तसाच नोंदवणे न्यायाचे होय.

जैवसंश्लेषण : तंतुजनक पेशींत साखळ्या तयार होताना त्यांतील प्रोलीन व लायसीन या ॲमिनो अम्लांवर हायड्रॉक्सिल गट चढवले जातात. या विक्रियेला लोह व क जीवनसत्त्व लागते. पेशीबाहेर आल्यावर रेणूची टोके छाटली जातात, रेणू ठरावीक अंतराने सरकून शेजारी लागतात (त्यामुळे तंतूवर सुमारे ६७ नॅनोमीटर अंतराने पट्टे दिसतात) आणि तांबेयुक्त विकर (एंझाइम) त्यांना आडव्या बंधांनी जखडते.

विकार : क जीवनसत्त्व नसेल तर हायड्रॉक्सिल गट चढत नाहीत व पीळ शरीराच्या तापमानाला टिकत नाही, हाच स्कर्व्ही. ब्रिटिश नौदल अधिकारी जॉर्ज अँसन याच्या जगप्रदक्षिणेच्या (१७४०–४४) वृत्तांतात, पन्नासहून अधिक वर्षांपूर्वी लढाईत झालेल्या एका खलाशाच्या जखमा या रोगात पुन्हा उघडल्याची नोंद आहे. भरलेल्या व्रणातही कोलॅजेनची झीज व भर सतत चालू असते, हे त्यावरून ध्यानात येते.

अस्थिभंगुरता या आनुवंशिक विकारात बहुधा एखाद्या ग्लायसीनच्या जागी मोठे ॲमिनो अम्ल येते, पीळ अडतो आणि हाडे सहज मोडतात. एलर्स-डॅनलॉस लक्षणसमूहात त्वचा ताणली जाते, सांधे सैल पडतात. त्याचे नाव एलर्स (१९०१) व डॅनलॉस (१९०८) यांच्यावरून पडले असले, तरी चेर्नोगुबोव्ह यांनी मॉस्कोत १८९२ मध्येच रुग्णांचे वर्णन केले होते. १६५७ च्या सुमारास डच शल्यविशारद व्हॅन मीकेरेन यांनी पाहिलेला, छातीची कातडी कानापर्यंत ओढणारा स्पॅनिश तरुण बहुधा याच विकाराचा असावा. हिपॉक्रेटीसपर्यंत मागे जाणारे दावे मात्र दुबळे वाटतात.

बाजारातील कोलॅजेनची भुकटी पोटात पचते व तिचे तुकडे होतात. ती जशीच्या तशी त्वचेत जाऊन बसत नाही.

यकृताचा सिरोसिस, फुप्फुसाचे तंतुभवन व केलॉइड (जखमेच्या जागी वाढलेला जाड व्रण) यांत कोलॅजेन प्रमाणाबाहेर साठते. आडव्या बंधांनी जखडलेला हा साठा हटवणे कठीण असते. तळहाताच्या ड्युपुट्रेन आकुंचनात (बोटे आत वाकवणाऱ्या विकारात) मात्र जंतूंपासून मिळवलेले कोलॅजेनेज हे कोलॅजेन तोडणारे विकर टोचून ताठर दोरी सैल करता येते; अमेरिकेत या उपचाराला २०१० मध्ये मान्यता मिळाली.