प्रोसेसर मोजतो कमी, वाट पाहतो जास्त

एप्रिल २०२२ मध्ये एएमडी कंपनीने रायझन ७ ५८००एक्स३डी हा प्रोसेसर बाजारात आणला. आधीच्या ५८००एक्समध्ये आठ कोअर, म्हणजे स्वतंत्रपणे आकडेमोड करणारे आठ भाग होते, यातही आठच. क्लॉक स्पीड उलट घटलेला: कमाल ४.७ गिगाहर्ट्झचा ४.५ झाला. आपल्याकडे प्रोसेसर ज्या दोन आकड्यांवर विकला जातो, त्यांतला एक जागच्या जागी आणि दुसरा कमी. तरीही बहुतेक गेममध्ये त्याने ५८००एक्सला मागे टाकलं, बारा कोअरच्या ५९००एक्सलासुद्धा. ब्लेंडर या सॉफ्टवेअरमध्ये थ्रीडी चित्र रेंडर करायला, म्हणजे आकडेमोडीतून अंतिम चित्र तयार करायला दिलं की मात्र तो ५८००एक्सपेक्षा थोडा मागे पडायचा.

व्हिडिओ एडिटिंग, फोटो, डिझाइन आणि सवडीने थोडं गेमिंग, एवढ्यासाठी पीसी असेंबल करून घेणाऱ्याने या उदाहरणापाशी जरा थांबावं. ‘किती कोअर, किती गिगाहर्ट्झ?’ या प्रश्नात न येणारी गोष्ट त्यात दिसते. प्रोसेसरचा बराच वेळ आकडेमोडीत जात नाही, माहिती हातात पडण्याची वाट पाहण्यात जातो.

४.५ गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला साडेचार अब्ज ठोके. एका ठोक्याच्या अवधीत प्रकाशसुद्धा सात सेंटिमीटर जात नाही, पण आजचा कोअर तेवढ्यात तीन-चार बेरजा उरकतो. हवी असलेली संख्या रॅममध्ये, म्हणजे चालू कामाची माहिती ठेवणाऱ्या मुख्य मेमरीत असेल, तर ती यायला साधारण ७० ते ८० नॅनोसेकंद लागतात. म्हणजे तीनशेहून अधिक ठोके! रॅममधला प्रत्येक बिट एका सूक्ष्म कपॅसिटरवरच्या विद्युतभाराच्या रूपात असतो. रचना आटोपशीर म्हणून ती स्वस्त पडते, पण तो इवलासा भार ओळखायला वेळ लागतो. शिवाय तो गळतो, म्हणून साधारण दर ६४ मिलिसेकंदांच्या आत पुन्हा भरावा लागतो.

मोठ्या, संथ मेमरीच्या पुढ्यात एक छोटी, चपळ मेमरी ठेवायची ही कल्पना ब्रिटिश संगणकशास्त्रज्ञ मॉरिस विल्क्स यांनी १९६५ मध्ये मांडली आणि आयबीएमच्या सिस्टिम/३६० मॉडेल ८५ या संगणकात ती प्रत्यक्षात आली. हीच कॅश. तिच्या एका बिटाला सहसा सहा ट्रान्झिस्टर लागतात, त्यामुळे ती वेगवान असते आणि जागाही खाते. ५८००एक्समध्ये कॅशच्या तीन पायऱ्या आहेत: प्रत्येक कोअरजवळ डेटासाठी ३२ किलोबाइटची एल१ असते, तिच्यामागे ५१२ किलोबाइटची एल२, आणि सगळ्या कोअरमध्ये मिळून ३२ मेगाबाइटची एल३. एल१ चार-पाच ठोक्यांत उत्तर देते, एल२ बारा-एक ठोक्यांत, एल३ पन्नासच्या आसपास.

आता २४ मेगापिक्सेलचा एक फोटो घ्या: ६००० पिक्सेल रुंद, ४००० उंच, प्रत्येक पिक्सेलला ४ बाइट. मेमरीत त्याच्या आडव्या ओळी एकीमागे एक मांडलेल्या असतात. रॅममधून माहिती सुटी येत नाही, ६४ बाइटच्या गठ्ठ्यानेच येते. एका गठ्ठ्यात १६ पिक्सेल. फोटो धूसर करणारा ब्लर फिल्टर आडवा चालला तर एका खेपेत सोळा पिक्सेलचं काम होतं, आणि पुढचा गठ्ठा कुठला हे ताडून प्रोसेसर तो आधीच मागवून ठेवतो. तोच फिल्टर उभा चालवा. खालचा पिक्सेल २४,००० बाइट दूर, म्हणजे दर पिक्सेलला नवा गठ्ठा. तळ गाठेपर्यंत ४००० गठ्ठे झाले, २,५६,००० बाइट. एल१ मध्ये ते मावत नाहीत, शेजारच्या स्तंभासाठी परत वर यावं तर पहिले गठ्ठे तिथून केव्हाच हुसकले गेलेले असतात. एल२ मध्ये मात्र मावतात, म्हणून रॅमची खेप वाचते. बेरजा तेवढ्याच आहेत, वाचण्याची दिशा बदलली आणि वेळ बदलला.

यातली आणखी एक गंमत सांगितल्याशिवाय राहवत नाही. या एल२चे १०२४ कप्पे असतात, प्रत्येकात आठ गठ्ठे, आणि कुठला गठ्ठा कुठल्या कप्प्यात जाणार हे त्याच्या पत्त्यावरून ठरतं. ६००० रुंदीच्या फोटोचे गठ्ठे सगळ्या कप्प्यांत छान विखुरतात. रुंदी ४०९६ केली, तर दोन ओळींमधलं अंतर दोनाच्या घातात येतं आणि सगळे गठ्ठे मोजक्याच कप्प्यांत गर्दी करतात. फोटो लहान होऊनही उभा फिल्टर रेंगाळू शकतो!

   

५८००एक्स३डीमध्ये एएमडीने प्रोसेसरच्या चिपवर ६४ मेगाबाइट कॅशची दुसरी चिप बसवली. मध्ये सोल्डर नाही, तांब्याला तांबं थेट जोडलेलं. एल३ झाली ९६ मेगाबाइट. गेममध्ये शेकडो पात्रं, वस्तू, त्यांच्या टकरी यांची माहिती मेमरीभर विखुरलेली असते आणि सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील तर दर १६.७ मिलिसेकंदांनी तिच्यातून पुन्हा फिरावं लागतं. ती कॅशमध्ये टिकली की प्रतीक्षा संपते. रेंडरिंगमध्ये गणिताचं पारडं जड, तिथे कोअर आणि ठोके कामी येतात.

हे तंत्र मला मनापासून आवडतं, तरीही तुमचं गेमिंग थोडंच असेल तर एक्स३डीवर पैसे घालू नका. मध्यम ग्राफिक्स कार्ड असलं की बहुतेक वेळा अडतं ते कार्डापाशी, प्रोसेसरपाशी नाही. कोअरचंही तसंच. ज्या कामाचा ८० टक्के भाग वाटून घेता येतो, ते आठ कोअरवर ३.३ पट वेगाने होतं आणि सोळावर फक्त ४ पट. संगणक अभियंता जीन अॅमडाल यांनी १९६७ मध्ये मांडलेल्या युक्तिवादातून हे निघतं. ब्लेंडर रोज चालवणार असाल तरच सोळा कोअर घ्या, फोटो आणि डिझाइनला सहा-आठ पुरतात.

व्हिडिओचं गणित वेगळं. इंटेलच्या अनेक प्रोसेसरमधल्या अंगभूत ग्राफिक्ससोबत क्विक सिंक नावाचा भाग येतो. एच.२६४, एचईव्हीसी अशा दाबून साठवलेल्या व्हिडिओ फाइल उलगडण्यासाठी आणि तयार करण्यासाठीच तो बनवलेला आहे, त्यामुळे टाइमलाइन अडखळत नाही. थोडे पैसे वाचवायला दुकानात नावापुढे ‘एफ’ असलेलं मॉडेल सुचवतात, उदाहरणार्थ आय५-१२४००एफ. त्यात अंगभूत ग्राफिक्स बंद असतं आणि क्विक सिंकही जातं. एडिटिंग करणाऱ्याने साधं १२४०० मागावं.

ग्राफिक्स कार्डाचं बजेटच नसेल, तर रायझन ५ ८६००जी किंवा रायझन ७ ८७००जी पाहा. त्यांचं अंगभूत ग्राफिक्स व्हॅलोरंटसारखे गेम व्यवस्थित चालवतं. पण त्याला स्वतःची मेमरी नाही, ते रॅमवरच जगतं. इथे पहिली संख्या किती लवकर आली याला फारसं महत्त्व नाही, सेकंदाला किती माल येतो याला आहे. डीडीआर५-५२०० या रॅमची एक स्टिक सेकंदाला जास्तीत जास्त ४१.६ गिगाबाइट देते, दोन चॅनलमध्ये, म्हणजे प्रोसेसरकडे जाणाऱ्या दोन वेगळ्या वाटांवर बसवलेल्या दोन स्टिक ८३.२. म्हणून १६ जीबीची एक घेण्याऐवजी ८ जीबीच्या दोन घ्या, आणि मदरबोर्डच्या पुस्तिकेत दाखवलेल्या स्लॉटमध्येच त्या बसवून घ्या.