पिकअप बदलण्याआधी पिकगार्ड उघडून बघा

मराठवाड्यात कुठल्याही तालुक्याच्या गावी मोटार भरायचं दुकान सापडतंच. बोअरची जळालेली मोटार उघडून कारागीर वार्निश केलेली तांब्याची वायर वेढे मोजत भरत असतो. इलेक्ट्रिक गिटारचं पिकअप, म्हणजे पिकगार्डमध्ये (तारांखालच्या प्लास्टिकच्या पट्टीत) बसवलेला, तारांचा आवाज पकडणारा भाग, याच जातीचं. फक्त वायर ०.०६ मिलिमीटरची, म्हणजे केसाएवढी, आणि वेढे सात-आठ हजार. मोटारीत वीज देऊन फिरणं मिळवतात, इथे काम उलटं: चुंबकासमोर पोलादी तार हलली की कॉइलमध्ये वीज उमटते. फॅरडेनं १८३१ मध्ये दाखवलेली हीच गोष्ट. म्हणूनच नायलॉनच्या तारांवर हे पिकअप मुकं राहतं.

दुकानात पिकअप दाखवताना 'इतके किलोओहम' असं सांगतात आणि आकडा मोठा तितका माल भारी, असा समज होतो. हा आकडा फक्त वायर किती लांब आणि किती बारीक आहे ते सांगतो. टोन ठरतो तो कॉइलचं इंडक्टन्स (प्रवाहातल्या बदलाला अडवण्याचा गुण) आणि केबलची कपॅसिटन्स (चार्ज साठवण्याचा गुण) मिळून. दोघांच्या जोडीला एक ठराविक फ्रिक्वेन्सी जास्त उचलून धरायची सवय असते आणि तिच्याहून उंच सूर ही जोडी गिळते. सिंगल कॉइलचं, म्हणजे एकाच कॉइलच्या पिकअपचं, इंडक्टन्स २.५ हेन्री धरा. केबल मीटरला साधारण १०० पिकोफॅरड घेऊन येते, कॉइलची स्वतःची १०० धरा. तीन मीटर केबलला हा उंचवटा ५००० हर्ट्झच्या आसपास येतो, सहा मीटरला ३८०० वर उतरतो. म्हणजे नुसती लांब केबल लावली तरी गिटार बोथट वाजते, आणि दोष पिकअपच्या माथी जातो.

पॉटचंही, म्हणजे आवाज-टोनच्या नॉबखालच्या बदलत्या रेझिस्टरचंही, तसंच. सिंगल कॉइलला २५० किलोओहमचा, हंबकरला (दोन कॉइलच्या पिकअपला) ५०० चा पॉट लावायची रीत आहे. हंबकरला चुकून २५० चा बसला तर आवाजावर गोधडी टाकल्यासारखं होतं.

उंची तर फुकटात बदलते, आणि तीच कुणी बघत नाही. शेवटच्या फ्रेटवर (मानेवरच्या धातूच्या पट्टीवर) तार दाबा आणि तारेच्या खालच्या कडेपासून पिकअपच्या पोलपर्यंतचं, म्हणजे तारेखालच्या धातूच्या टोकापर्यंतचं, अंतर मोजा. सिंगल कॉइलला जाड तारेकडे २ मिलिमीटर, बारीक तारेकडे १.६ इथून सुरुवात करा. मोजायला २ मिलिमीटरचं ड्रिल बिट पुरतं. त्याहून फार जवळ नेलं की चुंबक तारेला ओढतो. एकाच सुरात दोन सूर भांडतात आणि बाराव्या फ्रेटच्या पुढे गिटार कितीही लावा, सुरात येत नाही.

आता गुणगुण. जयंतीचा किंवा नवरात्राचा स्टेज, जनरेटर, डिमरवरचे लाइट, आणि गायक थांबला की स्पीकरमधून घूं. आपली वीज ५० हर्ट्झची. तिचं चुंबकीय क्षेत्र कॉइलला तारेसारखंच भासतं. गिब्सन या गिटार कंपनीच्या सेथ लव्हरनं १९५५ मध्ये पेटंटसाठी मांडलेल्या हंबकरमध्ये दोन कॉइल असतात: एकीचे वेढे उलटे आणि चुंबकाचं टोकही उलटं. तारेचा सिग्नल दोनदा उलटून परत सुलटा होतो आणि बेरीज होते. बाहेरची घूं एकदाच उलटते, म्हणून वजा होते. डिमरची खरखर मात्र हंबकर सगळी थांबवत नाही. तिच्यासाठी गिटारच्या लाकडातल्या, पिकअप बसतं त्या खाचेच्या आत तांब्याची टेप चिकटवा आणि ती पॉटच्या मागच्या पत्र्याशी वायरनं जोडा. तारांना हात लावल्यावर घूं कमी होते ना, ते ग्राउंडची वायर ब्रिजपर्यंत (तारा खालच्या टोकाला जिथे टेकतात तिथपर्यंत) पोचल्याचं लक्षण. उलट अ‍ॅम्पला अर्थिंग नसेल तर याच तारांतून, ओठ माइकला लागताच, जबर झटका बसू शकतो. जनरेटरच्या स्टेजवर टेस्टर लावून बघितल्याशिवाय वाजवू नका.

बदलायचंच ठरलं तर जुन्या जोडण्यांचा फोटो काढा. नवं पिकअप मल्टिमीटरच्या २० किलोओहम रेंजवर मोजा: सिंगल कॉइलला ६ च्या जवळपास. मीटर अनंत दाखवत असेल तर केसाची वायर तुटलीय. बहुतेक वेळा हे स्क्रूड्रायव्हरमुळे होतं, कारण चुंबक पातं खेचतो आणि पातं थेट कॉइलमध्ये घुसतं. पॉटच्या पाठीवर सोल्डर धरत नाही, तेव्हा २५ वॉटचं सोल्डरिंग आयर्न अर्धा मिनिट टेकवून ठेवतात. आतली कार्बनची पट्टी भाजते आणि नॉब फिरवताना करकर येते. पाठ आधी सँडपेपरनं घासा, ४० ते ६० वॉटचं सोल्डरिंग आयर्न घ्या, तीन-चार सेकंदांत काम उरका. आणि सीटीएस कंपनीसारखा मोठा पॉट घेण्याआधी भोक मोजा: त्याला साडेनऊ मिलिमीटर लागतात, स्वस्त गिटारला सात-आठचं असतं.

फेज, म्हणजे दोन्ही पिकअपचे सिग्नल एकाच दिशेचे आहेत का, ते तपासायला मीटर मिलिव्होल्टवर ठेवून पोलवर स्क्रूड्रायव्हर टेकवा. टेकवतानाचं चिन्ह दोन्ही पिकअपना सारखं हवं. नसेल तर दोन्ही एकत्र वाजवताना आवाज पातळ, नाकातून आल्यासारखा येतो. मग एका पिकअपच्या दोन वायरी आपसात बदलायच्या, धातूचं झाकण त्यातल्या ग्राउंडच्या वायरीशी जोडलेलं नसेल तर.

हार्डवेअरबद्दल आमचं मत जरा कडक आहे. महागडे ट्युनर (तारा ताणायच्या चाव्या) घेऊन गिटार सुरात राहत नाही, कारण नट (मानेच्या टोकाची, तारांच्या खाचांची पट्टी) अडवतो. तार लावताना 'टिंग' असा आवाज आला तर ती नटच्या खाचेत अडकतेय. मऊ पेन्सिलीचं शिसं खाचेत घासा, मग खर्चाचं बोला. ब्रिज घ्यायचा तर दोन टोकांच्या तारांमधलं अंतर आधी मोजा. स्ट्रॅटच्या (फेंडर कंपनीच्या स्ट्रॅटोकास्टर गिटारच्या) जातीत सुमारे ५२ आणि ५६ मिलिमीटर अशी दोन मापं चालतात आणि एकाची प्लेट दुसऱ्याच्या भोकांवर बसेलच असं नाही.

शेवटचं मेणाचं. कॉइलचे वेढे सैल असले की मोठ्या आवाजात पिकअप शिट्टी मारतं, म्हणून ते पातळ केलेल्या मेणात बुडवतात. मेण ६०-६५ अंशांवर, गरम पाण्यात ठेवलेल्या भांड्यातच. थेट गॅसवर ते पेट घेऊ शकतं. आणि मे महिन्यात परभणीच्या उन्हात बंद गाडीत गिटार ठेवली, तर हेच मेण पुन्हा मऊ पडू शकतं.