धातुशोधनात सापडलेल्या अनोळखी वस्तूंची ओळख

मेटल डिटेक्टरने जमिनीतून काढलेली धातूची वस्तू कशाची, कोणत्या काळातली आणि कोणत्या उपयोगाची आहे हे ठरवण्याचे काम. धातुशोधनाचा छंद इंग्लंड आणि वेल्समध्ये विशेष रुजला आहे. तेथील नांगरटीच्या शेतांत रोमन काळापासूनच्या किरकोळ वस्तू वरच्या मातीतच मिळत असल्याने त्या ओळखण्याची पद्धतही तेथे शिस्तीने घडत गेली. अर्थात, हाती येणाऱ्या मालात खिळे, काडतुसांची बुडे आणि डब्यांची झाकणेच जास्त असतात.

यंत्राच्या कॉइलमधील बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे पुरलेल्या धातूत आवर्त प्रवाह निर्माण होतात आणि त्यांच्या प्रतिसादावरून पडद्यावर एक आकडा उमटतो. हा आकडा धातूचे नाव सांगत नाही, तर वस्तूची विद्युत्‌वाहकता, आकार आणि जमिनीतील ठेवण यांचा एकत्रित परिणाम दाखवतो. सोन्याची बारीक अंगठी आणि शीतपेयाच्या डब्याची ॲल्युमिनियमची कडी एकाच आकड्यावर येऊ शकतात, तर लोखंडाचा मोठा पत्रा कधी कधी चांदीसारखा ‘वाजतो’. त्यामुळे खरी तपासणी वस्तू बाहेर आल्यावरच सुरू होते.

पहिला पुरावा पृष्ठभागाचा. तांबे, कासे आणि पितळ यांवर हिरवा थर चढतो, शिशावर पांढुरका, चांदी काळवंडते, लोखंड नारिंगी गंजाने फुगून मूळ आकारच हरवते आणि शुद्ध सोने जसेच्या तसे राहते. हलक्या प्रतीची चांदी मात्र तिच्यातील तांब्यामुळे हिरवी पडते आणि नवख्याला फसवते. वस्तू भरीव व एकाच धातूची असल्यास तिचे हवेतील आणि पाण्यातील वजन करून सापेक्ष घनता काढता येते: सोन्याची १९.३, शिशाची ११.३, चांदीची १०.५, तांब्याची ८.९. पोकळ, मुलामा दिलेल्या किंवा मातीने भरलेल्या वस्तूंना ही कसोटी लागू पडत नाही. तेथे क्ष-किरण टाकून धातूतील मूलद्रव्ये ओळखणारे क्ष-किरण प्रतिदीप्तीचे उपकरण उपयोगी पडते, तेही पृष्ठभागापुरतेच.

धातू कळला तरी वस्तू कळतेच असे नाही. शिशाच्या गोळीवर साच्याची शिवण आणि ओतताना राहिलेला देठ दिसला, तर ती बंदुकीची गोळी असण्याची शक्यता वाढते. मधोमध भोक असलेली शिशाची चकती सूत कातण्याच्या चातीची असू शकते किंवा मासेमारीच्या जाळ्याचे वजनही. अशा वेळी वस्तू कोठे, किती खोलीवर आणि कशासोबत मिळाली हेच निर्णायक ठरते. घासून, आम्लात बुडवून ‘चकाचक’ केलेल्या नाण्यावरील अक्षरे थरासोबतच निघून जातात, आणि हे नुकसान भरून येत नाही. हातबॉम्ब किंवा तोफगोळ्यासारखे काही दिसल्यास ओळख पटवण्याच्या फंदात न पडता जागेवरच ठेवून पोलिसांना कळवावे लागते.

इंग्लंडमधील कम्ब्रिया परगण्यातील क्रॉस्बी गॅरेट येथे २०१० साली मिळालेले रोमन घोडेस्वाराचे शिरस्त्राण या दृष्टीने उद्बोधक आहे. ते अनेक तुकड्यांत होते आणि शोधकाला प्रथम ती एखादी व्हिक्टोरियन शोभेची वस्तू वाटली. लिलावाची सूचिपत्रे चाळल्यावर आणि जाणकारांना विचारल्यावर ती रोमन असल्याचे समजले. लिलावापूर्वीच तुकडे जोडले गेल्याने पुरातत्त्वज्ञांना ते मूळ अवस्थेत नीट अभ्यासता आले नाहीत. तेव्हाच्या कायद्यानुसार तांब्याच्या मिश्रधातूची एकटी वस्तू ‘ट्रेझर’ (कायद्याने कळवावाच लागणारा ठेवा) ठरत नव्हती, म्हणून ते सुमारे २३ लाख पौंडांना खासगी मालकीत गेले.

१९९६ च्या ट्रेझर कायद्यानुसार ३०० वर्षांहून जुनी आणि किमान १० टक्के सोने किंवा चांदी असलेली वस्तू (एकटे नाणे वगळता) १४ दिवसांत कळवावी लागते. ही मुदत वस्तू सापडल्यापासून किंवा ती ट्रेझर असावी असे उमगल्यापासून मोजतात. म्हणजे ओळखीला कायदेशीर वजनही आहे. २०२३ मध्ये २०० वर्षांहून जुन्या, विशेष महत्त्वाच्या धातूच्या वस्तूंनाही हा कायदा लागू झाला. इतर शोधांची स्वेच्छेने नोंद १९९७ पासून पोर्टेबल ॲन्टिक्विटीज स्कीम घेते. भारतात १८७८ चा निखात निधी अधिनियम लागू असून जमिनीत दडलेला दहा रुपयांवरील ऐवज जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे.

काही वस्तू तज्ज्ञांनाही उलगडत नाहीत. रोमन साम्राज्याच्या वायव्य प्रांतांत मिळालेल्या, बारा पंचकोनी बाजू आणि वेगवेगळ्या मापांची भोके असलेल्या पोकळ धातूच्या वस्तू कशासाठी होत्या, याचे सर्वमान्य उत्तर नाही. महाराष्ट्रात दायमाबाद येथे १९७४ साली स्थानिकांना खोदताना मिळालेल्या रथ, गेंडा, हत्ती आणि रेडा या धातुमूर्तींचा उपयोग आणि घडण यांवर बरेच लिहिले गेले. पण त्या शास्त्रीय उत्खननातील थरातून न आल्याने त्यांचा काळ वादग्रस्त राहिला आणि धातूतील आर्सेनिकच्या प्रमाणावरूनही तो वाद मिटला नाही.