सरळ रेघ येत नाही? आरशासमोर या

काळा घोड्याला जहांगीर कलादालनाबाहेर फुटपाथवर बसून काही चित्रकार येणाऱ्याजाणाऱ्यांचे चेहरे काढून देतात. परवा ते बघत मावशी म्हणाली, "मला बाई साधी सरळ रेघसुद्धा येत नाही."

सरळ रेघ कुणालाच येत नाही! खांदा, कोपर, मनगट हे गोल फिरणारे सांधे. कोपर टेकवून मारलेली रेघ वळणारच. आणि जो हात 'क्ष' आणि 'ज्ञ' गिरवू शकतो, त्याच्यात चित्रापुरतं कौशल्य असतंच. गडबड हाताची नाही, नजरेची आहे.

खात्री करायची तर अंघोळीनंतर वाफ धरलेल्या आरशासमोर उभे राहा. एक डोळा मिटा आणि बोटाने काचेवर आपल्या चेहऱ्याची कड गिरवा. मग मोजा. चेहरा बरोबर निम्मा भरतो. मागे सरकून पुन्हा गिरवा, तरी निम्माच! शाळेतले समरूप त्रिकोण आठवा: तुम्ही काचेपासून जितके पुढे, प्रतिमा तितकीच मागे. म्हणजे डोळा आणि प्रतिमा यांच्या बरोबर मध्यावर काच, म्हणून काचेवरचा आकार अर्धा. रोज दाढी करताना, टिकली लावताना आपण हा अर्धा चेहरा बघतो आणि तो पूर्ण आहे असं समजतो.

याला आकार-स्थैर्य म्हणतात. दादरच्या फलाटावर एक माणूस ५ मीटरवर आणि दुसरा २० मीटरवर उभा असेल, तर दुसऱ्याची दृष्टिपटलावरची प्रतिमा साधारण पाव उंचीची असते. तो बुटका मात्र वाटत नाही, कारण मेंदू अंतर जमेस धरून आकार दुरुस्त करतो. गर्दीतून वाट काढायला हे उत्तम, चित्राला घातक. आपण कागदावर ही दुरुस्त आवृत्ती उतरवतो. म्हणून चित्रकार हात ताठ करून, एक डोळा मिटून पेन्सिलीवर अंगठ्याने माप घेतात. हात ताठच हवा, नाहीतर पेन्सिलीचं डोळ्यापासूनचं अंतर बदलतं आणि माप चुकतं.

'उजवा मेंदू जागवा' असे महागडे वर्ग निघतात, तिथे पैसे घालवू नका. डावा-उजवा मेंदू ही कल्पना ज्यांच्या नावावर खपवतात, त्या मेंदूशास्त्रज्ञ रॉजर स्पेरींना १९८१ साली नोबेल मिळालं ते मेंदूच्या दोन अर्धगोलांमधला पूल शस्त्रक्रियेने कापलेल्या रुग्णांवरच्या कामासाठी. तुमचा-आमचा पूल शाबूत आहे, सुमारे २० कोटी तंतूंचा, म्हणजे दोन्ही बाजू एकत्रच काम करतात. तळहातावरच्या 'कलेच्या रेषे'बद्दल तर न बोललेलंच बरं.

घरी आल्यावर मावशीने आरामखुर्चीत पेंगणाऱ्या काकांना काढायला घेतलं. नवशिके डोळे फार वर काढतात. प्रौढ माणसाचे डोळे टाळू आणि हनुवटीच्या जवळपास मध्यावर असतात, हे मी सांगितलं होतं. तिने तसे काढले आणि थबकली.

"एवढं मोठं कपाळ?"

पेन्सिल धरून तिने पुन्हा माप घेतलं. तेवढंच होतं.